मुके घोडेस्वार आणि मुरलीतात्या

मुरलीतात्यांना पहिल्यांदा भेटणारा माणूस घाबरतोच. तात्या समोर येऊन उभे राहतात. तुमच्याकडं नीट बघून घेतात. मग त्यांचा सत्तरीतला चेहरा एकदम ताठ होतो, डोळे मोठे होतात आणि तोंड हलायला लागतं. आवाज नाही, नुसतं तोंड. ओठ उघडतात, मिटतात, जीभ दाताला लागते, ओठ परत उघडतात आणि तसेच उघडे राहतात. हे सगळं भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या परक्या माणसापुढं. मग चेहरा पूर्वीसारखा होतो आणि तात्या कुजबुजल्यासारखं विचारतात,

"काय म्हणलो?"

गावातल्या लोकांनी आपापली उत्तरं ठरवून टाकली आहेत. हॉटेलवाला म्हणतो, "च्या मागितला." पंचायतीला पडलेले आमचे एक भाऊबंद म्हणतात, "मत देतो म्हणले, अन् दिलं न्हाय." एका नव्या कंडक्टरनं तर तात्यांना गाडीत ओढून बसवलं होतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला, दवाखान्यात न्यावं. तात्यांना ऐकू येत नाही. उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडं ते टक लावून बघतात, त्यातलं काही कळतं, काही नाही. मग "न्हाय, ते न्हाय," म्हणतात आणि पुढच्या माणसाकडं जातात.

कारण ते तोंड तात्यांचं नाही. त्यांच्या धाकट्या भावाचं, गणपतचं आहे. आणि गणपत कधीच गेला.

आमचं गाव तेरखेडा. आमच्याकडं फटाके होतात हे जिल्ह्याला माहीत आहे. तात्यांची फटाक्यांची शेड होती, घरापासून लांब, रानात. दोघं भाऊ तिथं काम करायचे. एक दिवस मालाला आग लागली. ती भडकायच्या अगदी आधी गणपत तात्यांच्या समोर येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. बोलता बोलताच बार झाला. गणपत तात्यांच्या आणि मालाच्या मधोमध उभा होता, म्हणून तात्या वाचले. कान गेले. आणि कानाबरोबर त्या दिवसाचा सगळा आवाज गेला. सकाळी भाऊ चहा पिताना काय म्हणाला, रस्त्यात कोण भेटलं, काय बोलणं झालं, तात्यांना सगळं दिसतं, ऐकू मात्र काहीच येत नाही.

"चित्र हाय माझ्याकडं," ते म्हणतात. "आवाज न्हाय. मला बाकी काय नको. तो काय म्हणला तेवढं कळू दे, मग म्या जायला मोकळा."

एवढ्यासाठी हा माणूस जगतो आहे. हे कळल्यावर गाव हसायचं थांबलं, असं मात्र झालं नाही. गाव ते गावच.

आता मी यात कसा आलो ते सांगतो. मी त्यांचा शेजारी. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, तीही इंग्रजी घेऊन बीए. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बापानं सांगायची एक संधी सोडली नाही आणि मीही सोडणार नाही. सध्या आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीला, एका शाळेत शिकवतो. गाव मला सर म्हणतं. तात्या मला 'बीए' म्हणतात.

"बीए, इंग्रजी वाचता येतं का तुला? का नुसता कागुदच हाय?"

झालं होतं असं, की तात्यांनी वाशीच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून जुना प्रोजेक्टर आणला होता. त्याच्याबरोबर त्यानं एक पेनड्राइव्ह दिला, "यात काहीबाही आहे, बघा चालतंय का" म्हणून. त्यात लग्न एकही नव्हतं. अमेरिकेतले शंभरेक वर्षांपूर्वीचे मुके सिनेमे होते. घोडे, टोप्या, बंदुका आणि उघडं माळरान. ते कुणी भरले, कशासाठी भरले, शूटिंगवाल्यालाही सांगता आलं नाही. त्या सिनेमांत माणसं बोलतात, ऐकू येत नाही, आणि मग काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ते काय बोलले ते येतं. पाटी इंग्रजीत. म्हणून मी.

तात्यांचा हिशोब सरळ होता. आधी तोंड बघायचं, मग पाटी वाचायची. असं बघत बघत कुठल्या बोलण्याला तोंड कसं होतं ते कळत जाईल, आणि एक दिवस बिनपाटीचं तोंडही वाचता येईल. गणपतचं. मी त्यांना सांगितलं, तात्या, ती माणसं इंग्रजी बोलतात, आपला गणपतकाका तेरखेड्याचा. तात्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "घाबरल्यावर समद्यांचं तोंड सारखंच होतंय, बीए."

पुढच्या रविवारी मी माझ्या पदवीसकट हजर झालो.

रविवारी दुपारी आमची बैठक. खिडकीला पोत्याचं तरट, दार बंद, चुन्यानं पांढरी केलेली भिंत. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि आत भिंतीवरून घोडे धावतायत. टापांचा आवाज नाही. बंदूक उडते, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, बार होत नाही. माणूस घोड्यावरून पडतो, पडल्याचा आवाज नाही. पहिल्या दिवशी मी मोठ्यानं हसलो. मग त्या खोलीत माझं हसणं मलाच उपऱ्यासारखं वाटलं.

तात्यांची टीका मात्र चालू असायची. धुराची पारख पहिली. "बघ, खरी दारू हाय. आताच्या पिच्चरातला धूर म्हंजी धूप घातल्यावानी." मग घोडेस्वारांच्या संसाराची काळजी. "ही समदीच घोड्यावर. मग रानात कोण हाय? जनावराला वैरण कोण टाकतंय?" छातीला चांदणी लावलेला माणूस आला की विचारायचे, "ह्यो फौजदार का?" मी मान हलवायचो. "मग जागा कसा?" एका सिनेमातली डोंगराची वाट बघून त्यांनी ठामपणे सांगितलं, की ही येरमाळ्याच्या घाटातली. "ह्याच वळणावर आपली एसटी बंद पडती. ह्यांचा घोडा कसा काय गेला कुणास ठाऊक."

मी पाटीवरचं इंग्रजी वाचायचो आणि शाळेतून आणलेल्या दगडी पाटीवर खडूनं मराठीत लिहून द्यायचो. एकदा भिंतीवरचा एक म्हातारा बराच वेळ बोलला. हात हलवले, छातीवर मूठ मारली, डोळ्यांत पाणी आणलं. मग पाटी आली. मी लिहिलं, 'इथून निघून जा.'

तात्यांनी माझी पाटी बघितली. मग माझं तोंड बघितलं.

"येवढंच?"

मी मान हलवली.

"येवढा येळ बोलला बिचारा, अन् येवढंच? बाकीचं कुठं गेलं? तू खाल्लंस, बीए."

मी लिहिलं, 'बाकीचं त्यांनी लिहिलंच नाही.'

"लिवलं न्हाय म्हंजी गेलं का? बोलला तर हाय. कुठंतरी आसंल की ते."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना माझ्या मनात तेच. मुलांनी वहीत उतरवलं चार ओळी, मी बोललो तासभर. बाकीचं कुठं गेलं? शिक्षकानं या विचारात पडू नये, नोकरी होत नाही.

पण मला त्या रविवारची ओढ लागली होती, हे मान्य करतो. माझ्या मोबाईलवर हवे तेवढे रंगीत, बोलके सिनेमे होते. ते बघताना मी भाजी निवडू शकतो, फोनवर बोलू शकतो. मुक्या सिनेमात तसं जमत नाही. नजर हलली की बोलणं गेलं. तिथं माणूस डोळ्यांनी कान द्यायला शिकतो. तात्यांनी एकदा हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं. "बाहेर तुला ऐकू येतंय, मला न्हाय. हितं तू बी बहिरा, म्या बी बहिरा. बरं वाटतंय."

बाकी त्या खोलीत सगळंच बरं वाटत होतं असं नाही. एका रविवारी तात्यांनी अचानक विचारलं, "हे समदे मेल्याले असतील ना आता?"

मी लिहिलं, 'हो.'

"घोडे बी?"

'घोडेही.'

भिंतीवर घोडे वळण घेऊन गेले होते, आणि मागं नुसती धूळ उडत होती. तात्या तिच्याकडं बघत होते. "अन् ही धूळ?"

मी पाटी पुसून घेतली.

"त्येंना कुणी सांगितल्यालं दिसत न्हाय," तात्या म्हणाले. "म्हणून तर असे पळत्यात घाईघाईनं. सांगणारा गाठ पडायच्या आत."

आणखी एकदा. एका गावातल्या गर्दीचं दृश्य होतं. सगळे भांडणाकडं बघत होते. कडेला उभी असलेली एक बाई मात्र भांडण सोडून सरळ आमच्याकडं बघायला लागली. म्हणजे कॅमेऱ्याकडं, एवढं मला समजतं. पण ती बघतच राहिली. मान थोडी तिरकी करून, मधे कुणीतरी आल्यासारखी. तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बीए, सरक. तुझ्या मागं कुणाला तरी बघतीय ती."

मी सरकलो. इंग्रजी घेऊन बीए झालेला माणूस मी, सरकलो. आणि मागं वळून बघितलं नाही.

तात्यांना या सिनेमांचं सगळ्यात कशाचं कौतुक असेल, तर त्यातल्या माणसांच्या वळणाचं. "शिस्त बघ. काय सांगायचं तर समोर येऊन सांगत्यात. मागनं कुणी वरडत न्हाय. शेडमधी काम केल्यावानी वागत्यात."

हे मला काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, समजावून सांगितलं. फटाक्याच्या दारूच्या कामात मागून हाक मारायची नाही. दारातून तर मुळीच नाही. माणूस दचकतो, हात हलतो, आणि त्या हातात काय असेल सांगता येत नाही. काही सांगायचं असेल तर आत यायचं, कामावरच्या माणसाच्या समोर येऊन उभं राहायचं, त्यानं मान वर केली की हळू बोलायचं. तात्या या बाबतीत फार कडक. बहिरा माणूस ओरडून बोलतो म्हणतात. तात्या कान गेल्यावरही कुजबुजतच राहिले, ते या सवयीनं.

"घरात बी तीच तऱ्हा," काकू म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापास्नं ह्यांनी मला कधी हाक मारली न्हाय. तव्यावर भाकर जळत आसली तरी समोर येऊन उभं राहणार, म्या वर बघस्तोवर थांबणार, अन् मग सांगणार, भाकर जळतीय. तवर कोळसा!"

त्या हसल्या, मीही हसलो. तात्यांनी आमची दोघांची तोंडं बघितली आणि त्यांना वाटलं आपण काहीतरी विनोदी बोललो, म्हणून तेही हसले.

मागच्या उन्हाळ्यात पेनड्राइव्हमधला एक न बघितलेला सिनेमा निघाला. खराब झालेला. चित्रावर पांढरे डाग उठत होते, मधेच अंधार, मधेच नुसता उजेड. गोष्ट अशी कळली, की एक माणूस घराच्या ओट्यावर खोगीर शिवत बसला आहे. पाठ रस्त्याकडं. लांबून एक पोरगेला गडी घोडा फेकत येतो. मागं टेकडीवर बंदुकवाले. पोरगा बाजूनं निघून जाऊ शकतो, वाट मोकळी आहे. तो जात नाही. घोड्यावरून उडी टाकतो, कुंपण ओलांडतो, वळसा घालून त्या माणसाच्या समोर येतो. हात वर करतो. बोलतो. आणि पडतो.

पाटी आली नाही. अंधार आला आणि एकदम पुढचंच काहीतरी सुरू झालं.

"पाटी?" तात्या म्हणाले.

मी लिहिलं, 'गेली. तेवढा तुकडा नाही.'

"परत लाव."

परत लावलं. तात्या भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीवरून घोडा गेला. पोरगा आला, बोलला, पडला. मला वाटलं ते तोंड बघतायत. पण ते वाकून खाली बघत होते, पोराच्या पायांकडं.

"परत."

तिसऱ्यांदा बघून झालं तेव्हा ते माझ्याकडं वळले. सिनेमा त्यांच्या चेहऱ्यावरच चालू होता, कपाळावरून घोडे जात होते.

"ह्याला दुरूनच वरडता आलं असतं," तात्या म्हणाले. "पर ह्यांच्यात आवाजच न्हाय. म्हणून आत यावं लागलं. व्हय ना?"

मी पाटी खाली ठेवली.

"गणपा दारात हुता, बीए. म्या मान खाली घालून बसल्यालो, दाराकडं पाठ. त्यानं दारातूनच जाळ बघितला आसंल. मागच्या मागं पळाला असता, तर आज हितं असता. वरडला असता, तर दोघं बी असतो. लहान हुता तवा एकदा दारातनं हाक मारली त्यानं. दादा म्हणून. म्या उठून कानफाटात दिली. लई जोरात. म्हणलं, मरायचंय का? समोर येऊन सांगायचं. त्यानं परत कधी हाक मारली न्हाय."

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. मला एवढंच कळत होतं, की इतकी वर्षं तात्या सगळ्या गावाला गणपतचं तोंड दाखवत फिरले, आणि त्या तोंडात काय होतं हे विचारत राहिले. तो तिथं का उभा होता, हे मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

"चल," तात्या म्हणाले आणि दार उघडून उन्हात गेले.

शेडच्या जागी आता नुसतं जोतं आहे. गवत वाढलंय, एका कोपऱ्यात बाभूळ उगवली आहे. तात्यांनी मला दंडाला धरून आतल्या कोपऱ्यात बसवलं. "हितं बसायचो म्या. दाराकडं पाठ कर. मान खाली घाल. म्या तिकडनं हाक मारतो. ऐकू येती का सांग."

मला उठून घरी जावंसं वाटत होतं. पण तात्यांना नाही म्हणणं जमलं नाही. मी पाठ करून बसलो. त्यांची पावलं गवतातून लांब गेली आणि थांबली. अंधाऱ्या खोलीतून आल्यामुळं डोळ्यांपुढं अजून पांढरे डाग होते. बांधावर एक होला घुमत होता, तोही गप्प झाला. सगळं रान त्या भिंतीवरल्या माळासारखं झालं. मी माझ्या रिकाम्या हातांकडं बघत होतो.

"दादाऽऽऽ!"

माझे दोन्ही हात उडाले. काही नव्हतं हातात, तरी उडाले. तो आवाज तात्यांचा नव्हता. तात्यांचा आवाज मी जन्मापासून ऐकत आलो, कुजबुज, फार तर खोकला. हा भरदार, तरणा, छाती फोडून आलेला आवाज होता. मागं बघायचं माझं धाडस होईना.

मी बघायच्या आत शेजारच्या वैरणीच्या रानातून काकू धावत आल्या. हातात विळा, डोक्यावरचा पदर पडलेला. जोत्याच्या कडेला येऊन थबकल्या. माझ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या दाराच्या जागेकडं बघत होत्या.

"भावजी?" काकू म्हणाल्या.

तेव्हा मी वळलो. दार नव्हतंच, तिथं तात्या उभे होते, एकटे.

"आली का ऐकू?" ते पुन्हा कुजबुजत होते. "कोपऱ्यापातूर आली का?"

मी मान हलवली.

"पळाला असतास?"

मी परत हो म्हणून मान हलवली. तात्यांनी ती नीट बघून घेतली. मग त्यांचं लक्ष काकूंकडं गेलं.

"ही का रडतीय? काय म्हणली ती?"

मी पाटी शोधायला लागलो. पाटी खोलीत राहिली होती. काकूंनी विळा खाली टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि त्या तात्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ते बघेपर्यंत थांबल्या. मग एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"तुमचा आवाज. भावजींचा हाय. तसाच."

तात्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"आजून एकदा हाक मारा," काकू म्हणाल्या.

तात्यांनी हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला, आजारी माणसाचा ताप बघावा तसा. बोटं नीट बसवली. मग त्या रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, आणि ती संपेपर्यंत हात गळ्यावरून काढला नाही.